गाडीत हॅम रेडिओ: हातात माइक धरून बोललं तर चलान होतं का?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी,

यंदा माझा हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना आला. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणून व्हीयू३ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख. खिडकीबाहेर अँटेना लावायला सोसायटी तयार नाही, त्यामुळे दोन मीटर बँडची रिग (रेडिओ संच) गाडीतच बसवली. टपावर मॅग्नेटवाला अँटेना, डॅशबोर्डखाली रिग, डॅशबोर्डवरच्या हुकाला माइक. ऐरोली ते पवई रोजचा रस्ता. संध्याकाळचं नेट, म्हणजे हॅम मंडळींची ठरल्या वेळची रेडिओवरची बैठक, सुरू होतं तेव्हा मी नेमका जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) असतो आणि तिथूनच चेक-इन करतो, हजेरी लावतो.

परवा सिग्नलला एका हवालदारसाहेबांनी काच खाली करायला लावली. "फोनवर बोलताय का?" मी माइक दाखवला, त्याची वायर दाखवली, परवान्याची प्रत दिली. त्यांनी ती नीट वाचली आणि जाऊ दिलं. दुसरे कुणी असते तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

माझं मत असं की रेडिओ म्हणजे फोन नव्हे. फोनवर समोरचा सारखा बोलत असतो, उत्तराची घाई असते, मध्येच भांडणही होतं. रेडिओवर एका वेळी एकच जण बोलतो, बटण दाबलं तरच आवाज जातो, आणि मी गप्प राहिलो तर कुणी रागावत नाही. हॅम लोकांनी एकत्र येऊन परिवहन खात्याकडे स्पष्ट सूट मागावी असं मला मनापासून वाटतं. तुमचा अनुभव काय? कुणाचं चलान झालंय का?

घाटमाथा

अभिनंदन! कॉलसाइन मिळाली यातच अर्धं आयुष्य सार्थकी लागलं. बाकी अर्धं सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाईल.

वकीलताई_ठाणे

मी मोटार वाहन कायद्याचीच कामं करते, म्हणून कायद्यात काय आहे तेवढं आधी सांगते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग. २०१९च्या दुरुस्तीत या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. सिग्नल तोडणं, स्टॉपची खूण न पाळणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, उलट दिशेने गाडी घालणं, आणि याच पंक्तीत गाडी चालवताना हातात धरायची संपर्क साधनं वापरणं. नीट बघा, तिथे 'फोन' असं म्हटलेलंच नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड.

पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी (नेव्हिगेशन) वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

आता तुमचा मुद्दा. रिग स्क्रूने बसवलेली आहे, हातात आहे तो फक्त वायरचा माइक. त्याला 'हातात धरायचं साधन' म्हणायचं का, यावर कोर्टात वाद घालता येईल, आणि तो वाद मी आनंदाने घालीनही. पण हातातला छोटा सेट, ज्याला तुम्ही लोक हँडी म्हणता, तो चालवताना तोंडाशी धरलात तर वादाला जागाच नाही. आणि त्या स्पष्टीकरणात शेवटी आणखी एक कलम आहे: सावध, जाणकार चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाऊन गाडी चालवणं. माइक हुकावर असो की हातात, लेन सोडून तिरके गेलात तर त्यात अडकाल.

ऐरोलीकर

ताई, इतकं सविस्तर दिल्याबद्दल आभार. पण सरकारनेच परवाना दिलाय ना? परीक्षा घेऊन, फी घेऊन?

वकीलताई_ठाणे

परवाना संचार मंत्रालयाचा, त्यांच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी शाखेचा. कोणत्या बँडवर, किती पॉवरने, कुठून बोलायचं, हे तो ठरवतो. गाडी कशी चालवायची हे ठरवणारं मंत्रालय वेगळं. एकाची परवानगी दुसऱ्याकडे ढाल म्हणून धरता येत नाही. आणि परवान्यावर स्टेशनचं ठिकाण लिहिलेलं असतं, अटीही असतात. गाडीतून बोलण्याबद्दल तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचा. रस्त्यावरचा प्रश्न त्यानंतरचा.

बुलेटवाला

आम्ही कसारा घाट चढताना हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर बोलतो. हात हँडलवरच. मग ते चालतं का? आणि आमच्या ग्रुपात दोघांनी ऑनलाइन स्वस्तातले वॉकीटॉकी मागवलेत, त्यांना परवाना लागतो का? कुणी विचारलंच नाही अजून.

तारयंत्र

बुलेटवाले, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तो जास्त गंभीर आहे. ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यात कमी पॉवरचे, मान्यता मिळालेले सेट परवान्याविना वापरता येतात. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त सेट मात्र इतरही फ्रिक्वेन्सींवर बोलतात, अगदी पोलीस आणि विमानतळाच्या आसपासही. म्हणूनच २०२५ मध्ये केंद्राने ई-कॉमर्सवरच्या अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मित्रांना सांगा, सेट बंद करून ठेवा आणि परीक्षेला बसा. बारा वर्षांचं मूलही बसू शकतं, अभ्यास महिन्या-दोन महिन्यांचा आहे.

आता मूळ विषय. मी बरीच वर्षं नेट कंट्रोल करतो, म्हणजे नेट चालवतो, आणि ऐरोलीकरांशी निम्मा सहमत आहे. बटण दाबून बोलायची शिस्त हा रेडिओचा मोठा गुण आहे. चांगला ऑपरेटर वळण आलं की माइक सोडतो, 'क्यूआरएक्स' (जरा थांबा) म्हणतो आणि वळण संपल्यावर परत येतो. फोनवर असं कुणी करत नाही.

पण नवा माणूस असं करत नाही. नवा माणूस कॉलसाइन चुकू नये, समोरच्याचा आवाज कसा येतोय याचा रिपोर्ट नीट द्यावा या दडपणाखाली असतो. त्याचं अर्धं डोकं व्हिक्टर-युनिफॉर्म-थ्रीमध्ये (व्हीयू३ असं फोड करून सांगण्यात) अडकलेलं असतं.

रश्मी_गोरेगाव

मी मानसशास्त्र शिकवते, हॅम नाही. पण 'रेडिओ म्हणजे फोन नव्हे' या वाक्यापाशी थांबले.

अमेरिकेत यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर बरेच प्रयोग केले. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकांचीही रस्त्यावरची नजर कमी पडत होती. डोळे समोर असायचे, पण समोरचं नोंदलं जायचं नाही. म्हणजे अडचण फक्त हाताची नाही. त्याच गटाच्या पुढच्या एका अभ्यासात शेजारी बसलेल्या प्रवाशाशी गप्पा मारणारे बरे निघाले, कारण प्रवाशाला रस्ता दिसतो. पुढे गर्दी आली की तो गप्प होतो किंवा "अरे बघ" म्हणतो.

रेडिओवरच्या माणसाला तुमचा रस्ता दिसत नाही. तेवढ्यापुरता तो फोनच. एका वेळी एकानेच बोलायचं या शिस्तीने फरक पडत असेल, नाही असं मी म्हणत नाही, पण तो पडतोच हे गृहीत धरून सूट मागू नये. सी लिंकवर ताशी ८०ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पूर्ण कॉलसाइन सांगायला चार सेकंद धरा आणि गुणाकार करून बघा.

लंडनची_सई

इकडची माहिती. ब्रिटनमध्ये हातातल्या फोनवर डिसेंबर २००३ मध्ये बंदी आली, मार्च २०२२ मध्ये ती आणखी कडक झाली, आता चालवताना फोनवर फोटोसुद्धा काढता येत नाही. पण त्या व्याख्येत टू-वे रेडिओ वगळलेला आहे. इथले हॅम माइक हातात घेऊन बोलतात आणि त्या बंदीत येत नाहीत. तरी गाडीवर पुरेसा ताबा नव्हता हा वेगळा गुन्हा आहेच. त्यात सफरचंद खाणाराही सापडतो, हॅमही.

टोरांटोकर

आमच्या ऑन्टारियोत ऑक्टोबर २००९ मध्ये कायदा आला तेव्हा हॅम मंडळींना हातातल्या माइकसाठी मुदतीची सूट मिळाली. मुदत संपत आली की संघटनेने पत्रव्यवहार करायचा, मुदत वाढवून घ्यायची. आधी २०१८ पर्यंत, मग २०२१ पर्यंत. ऐरोलीकर, सूट मागणं अशक्य नाही. पण त्यामागे वर्षानुवर्षं चिकाटीने काम करणारी संघटना लागते.

आणि शेजारच्या देशात, कॅलिफोर्नियात बघा. तिथल्या २०१७च्या कायद्यात साधनांची जी यादी आहे तिच्यात एका प्रकारचा मोबाइल रेडिओही आला, आणि हॅम लोक बराच काळ विचारत बसले की आपण त्यात येतो की नाही. शब्द एकदा कायद्यात बसला की मग अर्थ लावत बसावं लागतं. त्यामुळे मागायचं असेल तर मसुद्याच्या वेळी मागावं.

जुना_बिनतारी

मी पोलीस बिनतारी विभागात नोकरी केली. आमच्या वेळी गाडीत वायरलेस असायचा, पण चालक बोलायचा नाही. शेजारी बसलेला ऑपरेटर बोलायचा, लिहून घ्यायचा, साहेबांना द्यायचा. चालकाने माइकला हात लावला तर ऐकून घ्यावं लागे. ज्यांचं कामच वायरलेसवर चालतं, त्यांच्याकडे ही शिस्त होती. हौसेसाठी बोलणाऱ्यांना त्याहून जास्त मोकळीक का द्यायची, हे मला कुणी पटवून द्यावं.

ऐरोलीकर

काका, तुमचा मान राखून सांगतो, हौसेपुरतं ते नाही. आणीबाणीत हेच रेडिओ कामाला येतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइल लागत नव्हते. भूजला २००१ मध्ये, किल्लारीला १९९३ मध्ये हॅम मंडळींनी निरोप पोचवले. गाडीतलं स्टेशन हवं ते यासाठी.

आजी_दादर

२६ जुलैला मी कलानगरजवळ टॅक्सीत होते. बाळा, त्या रात्री एकही गाडी चालत नव्हती. बोनेटपर्यंत पाणी, काचा बंद, लोक टपावर चढलेले. तेव्हा तुझा रेडिओ असता तर मी तुला मिठी मारली असती. पण तू तेव्हा गाडी चालवत नसतास, गाडीत अडकलेला असतास. आणीबाणीसाठी गाडीत रेडिओ ठेव, जरूर ठेव. चालवताना बोलण्यासाठी ते कारण देऊ नकोस.

तारयंत्र

आजी, दंडवत. या धाग्यात याहून नेमकं कुणी काही लिहिलेलं नाही.

त्यात भर घालतो. किल्लारी काय, भूज काय, हॅम एका जागी ठाण मांडून बसले होते. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी जे काम केलं तेही स्थिर स्टेशनवरून. त्या अंदमानात खास रेडिओ मोहिमेसाठी गेल्या होत्या, म्हणून सगळी यंत्रणा हाताशी होती. आणीबाणीच्या वाहतुकीत निरोप अचूक लिहून घ्यावा लागतो, परत वाचून दाखवावा लागतो. ते स्टिअरिंग धरून होत नाही.

आणि लिहिण्यावरून आठवलं. आपल्याला लॉगबुक ठेवावं लागतं. तारीख, वेळ, समोरचं स्टेशन, फ्रिक्वेन्सी. गाडी चालवताना बोलणारे ते कधी भरतात? मी एकाला सिग्नलला मांडीवर वही ठेवून लिहिताना पाहिलंय. मागून हॉर्नचा कल्लोळ आणि हा पेन शोधतोय.

घाटमाथा

हॉर्नवरून. हात मोकळे राहावेत म्हणून आमच्या एका मित्राने आवाजावर आपोआप चालू होणारा व्हॉक्स माइक लावला. घोडबंदर रोडवर शेजारच्या टेम्पोने हॉर्न दिला की याची रिग प्रक्षेपण सुरू करायची. अख्ख्या ठाण्याने रिपीटरवर (आलेला संदेश दूरवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या स्टेशनवर) तो टेम्पो ऐकला. शेवटी नेटवाले विचारायला लागले, टेम्पोची कॉलसाइन काय?

बुलेटवाला

हाहा! आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच.

वकीलताई_ठाणे

बुलेटवाले, इंटरकॉम हातात धरलेला नाही, म्हणून त्या ओळीत तो सरळ बसत नाही. पण घाटात गप्पांच्या नादात वळण चुकलं तर मी वर सांगितलेलं शेवटचं कलम आहेच. ग्रुप राइडला "पुढे खड्डा", "डावीकडे थांबतोय" इतकंच बोला.

लोकलचा_निवृत्त_गार्ड

वकीलताईंनी शेवटी लिहिलं तेच मला सांगायचंय. लोकलमध्ये मोटरमन आणि गार्ड यांच्यात घंटेची खूण असते. दोन ठोके मिळाले की मोटरमन गाडी सोडतो. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, पण ठोके तेच. त्या दोन ठोक्यांना एकच अर्थ, त्यावर चर्चा नाही. चालवणाऱ्यापर्यंत पोचणारा निरोप असाच ठरलेला आणि छोटा असावा लागतो. नेटवरच्या गप्पा, हवामान, नवी अँटेना, कुणाच्या मुलाचं लग्न, हे चालवणाऱ्याच्या कानात कशाला?

तारयंत्र

गार्डसाहेब, ऐकायला माझी हरकत नाही. गाडीत आकाशवाणी ऐकतोच की. प्रश्न बटण दाबण्याचा आहे.

रश्मी_गोरेगाव

ऐकण्यातही फरक आहे. आकाशवाणीवर कुणी तुमचं नाव घेऊन "तुमची पाळी" म्हणत नाही. आपली पाळी कधी येते इकडे कान लागलेला माणूस नुसतं गाणं ऐकणाऱ्यासारखा नसतो.

तारयंत्र

हे पटलं. आणि यावर उपाय नेट कंट्रोलच्या हातात आहे. आम्ही मोबाइल स्टेशनला, म्हणजे गाडीतून बोलणाऱ्याला, सगळ्यांत आधी घेतो. तो उभा असेल तर कॉलसाइन देतो, रिपोर्ट घेतो आणि मोकळा होतो. चालवत असेल तर त्याला बोलवायचंच नाही, हेही ठरवता येईल. सरळ विचारायचं, "गाडी उभी आहे का?"

सॅन_होजे_विनायक

अमेरिकेतल्या हॅम लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने, एआरआरएलने, २००९ मध्ये यावर आपलं धोरण मांडलं. भूमिका ऐरोलीकरांसारखीच: हौशी रेडिओ फोनसारखा नाही, कायदे करताना त्याला वगळा. पण त्याच श्वासात आपल्या सभासदांना बजावलं की गाडी सुरक्षित चालवणं आधी. सूट मागणाऱ्याने स्वतःच्या घरात नियम लावलेले असतील तर त्याचं म्हणणं ऐकलं जातं. मुंबईत आधी तारयंत्र म्हणतात तसं नेटवर ठरवा, दोन-तीन वर्षं पाळा, मग खात्याकडे जा.

जुना_बिनतारी

हे मला मान्य. सूट नको, पण खात्याने निदान स्पष्ट लिहावं: बसवलेल्या सेटचा माइक चालतो की नाही. बिचाऱ्या हवालदाराने रस्त्यावर उभं राहून कलमाचा अर्थ लावायचा, हा त्याच्यावरही अन्याय आहे.

घाटमाथा

रिग बसवण्याबद्दल कुणीच बोललं नाही. ऐरोलीकर, डॅशबोर्डखाली म्हणजे नेमकी कुठे? एअरबॅग उघडते त्या वाटेत काहीही बसवू नका, माइकचा हुकसुद्धा नको. पॉवर थेट बॅटरीवरून घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर पूर्ण पॉवर देऊ नका, तो तापतो. मॅग्नेटवाल्या अँटेनाची कोएक्स केबल दारातून आत घेतली असेल तर पावसात त्याच वाटेने पाणी आत येतं, खाली वळसा देऊन मग आत घ्या. आणि मॉलच्या तळघरात पार्क करण्याआधी अँटेना काढा. माझा छताच्या पाइपला लागून वाकला.

ऐरोलीकर

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आजींचं आणि रश्मीताईंचं म्हणणं खोडता येत नाही. सूट मागावी हे माझं मत अजून बदललेलं नाही, कारण कायद्यात आपला उल्लेखच नसणं हे आपल्यासाठी बरं नाही. पण मागायची ती बसवलेल्या सेटसाठी, आणि उभ्या गाडीतल्या वापराबद्दल आधी स्पष्टता मागायची, हे पटलं. वकीलताई, असं पत्र लिहायचं तर मसुदा बघाल का?

रिग गियरच्या डाव्या बाजूला, खाली आहे, एअरबॅगपासून लांब. पण माइकचा हुक डॅशबोर्डवर आहे, तो आजच हलवतो. आणि जेव्हीएलआरवर गाडी कुठे उभी करू? तिथे कडेला थांबलो तर पार्किंगचं चलान होईल.

वकीलताई_ठाणे

मसुदा पाठवा, बघते. फी नाही, पण पत्रात कलम १८४चं स्पष्टीकरण जसंच्या तसं उद्धृत करा, स्वतःच्या शब्दांत नको.

तारयंत्र

ऐरोलीकर, जेव्हीएलआरवर थांबूच नका. ऑफिसच्या पार्किंगमधून निघण्याआधी चेक-इन करा. तळघर असेल तर वर, उघड्यावर या, तळघरातून रिपीटर लागणार नाही. पुढच्या नेटपासून पहिली दहा मिनिटं उभ्या गाड्यांसाठी ठेवतो. कॉलसाइनच्या मागे 'मोबाइल, गाडी उभी' एवढं म्हणा, लगेच घेईन. 'गाडी उभी' ऐकू आलं नाही तर पुकारणार नाही, मग तुम्ही कितीही जुने मेंबर असा.

बुलेटवाला

परीक्षेचा अर्ज कुठे भरायचा? दोघांचे सेट काढून घेतलेत, त्यांना पण बसवतो.

तारयंत्र

सरल संचार पोर्टलवर. व्यनि करा, अभ्यासाच्या नोट्स देतो.